टीईटी झाली, टेट झाली. मग मास्तरांची नोकरी अडते कुठे?

२३ नोव्हेंबर २०२५, रविवार. राज्यभर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा होती आणि मी मावसबहिणीला परीक्षा केंद्रावर सोडायला गेलो होतो. फाटकाशी गर्दी, हातात प्रवेशपत्र आणि पाण्याच्या बाटल्या. तिथे पन्नाशीकडे झुकलेले एक गृहस्थ चष्म्याची काच रुमालाने पुसत उभे होते. एका तरुण परीक्षार्थीने त्यांना ओळखलं आणि वाकून नमस्कार केला. "गुरुजी, तुम्ही पर्यवेक्षक का आज?"

"नाही रे बाबा. माझाच पेपर आहे."

दोघेही हसले, पण त्या हसण्यात फार काही राम नव्हता. गुरुजींकडे वीसेक वर्षांची नोकरी आहे, टीईटी नाही. माझ्या बहिणीकडे टीईटीच्या पहिल्या पेपरचं प्रमाणपत्र कित्येक वर्षांपासून आहे, नोकरी नाही. त्या दिवशी ती दुसऱ्या पेपरला बसली होती आणि दोघांचे बाक एकाच इमारतीत होते.

वर्तमानपत्रात एका पानावर 'शिक्षकांची हजारो पदे रिक्त' आणि त्याच पानाच्या खाली 'पात्रताधारकांचे उपोषण' अशी बातमी येते. दोन्ही खऱ्या असतात. हे कसं, हे समजून घ्यायचं तर आधी नावांचा गुंता सोडवायला हवा.

टीईटी आणि टेट: एका अक्षराचा घोटाळा

टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी २३ ऑगस्टला राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेने पहिली ते आठवीला शिकवणाऱ्यांसाठी ही परीक्षा सक्तीची केली. महाराष्ट्रात पहिली टीईटी डिसेंबर २०१३ मध्ये झाली. पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी, दुसरा सहावी ते आठवीसाठी. १५० गुणांत खुल्या प्रवर्गाला ६० टक्के लागतात. निकाल बहुतेक वेळा एक आकडी टक्क्यांत लागतो. पूर्वी प्रमाणपत्र सात वर्षांनी बाद व्हायचं, २०२१ पासून ते आजन्म चालतं.

टेट ही वेगळी: अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. २०० गुण, दोन तास, संगणकावर. हिच्यात पास-नापास नाही, फक्त गुण मिळतात आणि त्या गुणांवर भरतीत तुमचा नंबर ठरतो. टीईटीने तुम्ही रांगेत उभं राहायला लायक ठरता. टेटने रांगेत कितवे ते ठरतं. दोन्हींची नावं इतकी सारखी आहेत की कधीकधी बातमीदारसुद्धा एकीचा मजकूर दुसरीच्या मथळ्याखाली छापतात. उमेदवारांच्या आईवडिलांनी काय करावं? माझी मावशी अजूनही विचारते, "ती मागे पास झालेली, तीच का ही परत?"

या दोन्हींच्या आधी अर्थातच डी.एड. (आता डी.एल.एड.) किंवा बी.एड. ही पदविका-पदवी हवीच. त्यातही २०१८ च्या अधिसूचनेने बी.एड. झालेल्यांना पहिली ते पाचवीचं दार उघडून दिलं होतं, ते सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालाने बंद केलं. प्राथमिकला डी.एड.च हवं.

इतकं सगळं केलं की माणूस 'पात्र' होतो. घरोघरी गैरसमज होतो तो नेमका इथे. पात्र होणं हे उमेदवाराच्या हातात आहे. जागा निर्माण होणं त्याच्या हातात नाही. जागेचा हिशोब वेगळ्याच वहीत चालतो.

पंगतीत पानं किती मांडायची?

त्या वहीचं नाव संच मान्यता. कोणत्या शाळेला किती शिक्षक मंजूर, हे दरवर्षी ठरवणारा तक्ता. तो ठरतो मुलांच्या डोक्यांवरून, आणि ती डोकी मोजली जातात ३० सप्टेंबरच्या पटावरून.

लग्नघरात स्वयंपाक्याला आधी विचारतात, पानं किती? तसंच हे. आचारी किती निष्णात आहेत, वाढपी किती तयार आहेत, याचा पानांच्या संख्येशी संबंध नाही. जेवणारे किती, यावर पानं.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी साधं गणित आहे: ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. म्हणजे एकसष्टावं मूल हे नुसतं मूल नसतं, ते एक अख्खं पद असतं. ते मूल मामाच्या गावी शाळेत गेलं, किंवा रस्त्यापलीकडच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसलं, की तिसरं पद गेलं. शिवाय आता आधार जुळलेली मुलंच मोजली जातात. आधारवर नाव 'सोनाली' आणि दाखल्यावर 'सोनल' असेल तर ती वर्गात पहिल्या बाकावर बसलेली असूनही वहीत नसते. मुख्याध्यापक सप्टेंबरात शिकवण्यापेक्षा आधार केंद्रावर जास्त दिसतात ते यामुळे.

१५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने हे निकष आणखी आवळले. वीसपेक्षा कमी पट असलेल्या सहावी ते आठवीच्या वर्गांना शिक्षकपदच मंजूर होत नाही, म्हणून शिक्षक संघटना तेव्हापासून ओरडत आहेत. डोंगरावरच्या वाडीत अठरा मुलं असणं हा त्या वाडीचा गुन्हा नव्हे, पण तक्त्याला चढ-उतार कळत नाही.

एकीकडे रिक्त, दुसरीकडे अतिरिक्त

पट घटला की पद जातं, पण पदावरचा कायम शिक्षक जात नाही. तो 'अतिरिक्त' ठरतो. त्याचा पगार चालू असतो, त्याला बसवायला जागा शोधावी लागते. याला समायोजन म्हणतात. आणि नियम असा की नव्या माणसाआधी अतिरिक्ताला जागा. म्हणजे शेजारच्या पंगतीतून उठवलेल्यांना आधी बसवायचं, मग दारात उभ्या असलेल्यांचा विचार.

महाराष्ट्रात याचा मोठा दणका बसला तो ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीनंतर. सगळ्या शाळांचा पट एकाच वेळी, तीन दिवसांत मोजला आणि कागदावरची मुलं वर्गात नसल्याचं जागोजागी उघड झालं. खोटी मुलं गेली, त्यांच्या नावावरची पदं गेली, आणि त्या पदांवरचे खरे शिक्षक अतिरिक्त झाले. २ मे २०१२ रोजी शासनाने अतिरिक्तांचं समायोजन होईपर्यंत खासगी शाळांतली भरती थांबवली. जिल्हा परिषदांची त्याआधीची मोठी भरती २०१० च्या सीईटी या निवड परीक्षेतून झालेली. त्यानंतरची चाचणी, म्हणजे पहिली टेट, डिसेंबर २०१७ मध्ये आणि तिच्यातून पहिली नियुक्ती यादी ऑगस्ट २०१९ मध्ये. मधली नऊ वर्षं मोजा. २०१० साली बारावी होऊन डी.एड.ला गेलेली मुलगी २०१९ मध्ये दोन लेकरांची आई होती.

मग कोविड आला, ४ मे २०२० च्या वित्त विभागाच्या आदेशाने नव्या भरतीला पुन्हा कुलूप लागलं. दुसरी टेट २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली, तिसरी २०२५ च्या मे-जूनमध्ये. प्रत्येक वेळी बसणारे दोन लाखांच्या आसपास किंवा त्याहून जास्त.

रिक्त आहे तर भरत का नाहीत?

हा प्रश्न मीही बहिणीला विचारत असे. मग तिच्या शेजारी बसून पवित्र पोर्टलवर प्राधान्यक्रम भरले, तेव्हा उत्तर थोडं थोडं कळलं.

'पवित्र' ही शासनाची ऑनलाइन भरती यंत्रणा, २०१७ ला आणलेली. शाळा आणि जिल्हा परिषदा तिथे जाहिराती देतात, उमेदवार पसंतीक्रम लावून 'लॉक' करतात, आणि टेटच्या गुणांवरून यंत्रणा शिफारस करते. रात्री साडेअकरा वाजता, सर्व्हर जरा हलका असताना, आम्ही जिल्ह्यांची नावं वरखाली करत बसलो होतो. "दादा, गडचिरोली वर घेऊ का सिंधुदुर्ग?" तिने विचारलं. दोन्ही ठिकाणी ती कधी गेलेली नाही. एकदा लॉक केलं की ते नशीब.

पण पद पोर्टलवर यायच्या आधी त्याला बिंदूनामावलीतून जावं लागतं. बिंदूनामावली म्हणजे आरक्षणाची नोंदवही: कोणतं पद कोणत्या प्रवर्गाचं, याचा क्रमवार हिशोब. ती विभागीय आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते. मराठा आरक्षणाचा कायदा २०१८ मध्ये आला, ५ मे २०२१ ला न्यायालयात पडला, २०२४ मध्ये नव्याने १० टक्क्यांनी आला. प्रत्येक वेळी वही पुन्हा मांडायची, पुन्हा तपासायची. यात आरक्षणाला दोष द्यायचं कारण नाही. वही वेळच्या वेळी लिहिली असती तर हे महिने गेले नसते. पण वही लिहिणाऱ्या टेबलावरचं पदही बऱ्याचदा रिक्तच असतं!

आणि जाहिरात आली तरी सगळ्या जागा भरत नाहीत. फेब्रुवारी २०२४ चं उदाहरण घ्या. एकूण २१,६७८ पदांची जाहिरात होती. त्यातली १६,७९९ मुलाखतीशिवाय भरायची, ४,८७९ खासगी संस्थांमध्ये मुलाखतीसह. मुलाखतीशिवायच्या यादीत शिफारस झाली सुमारे ११ हजार उमेदवारांची. साडेपाच हजारांहून जास्त पदं तशीच राहिली, आणि बाहेर लाखभराहून जास्त उमेदवार उभे. कारण पद हे नुसतं 'शिक्षक' नसतं. ते 'उर्दू माध्यम, गणित-विज्ञान, अमुक प्रवर्ग, माजी सैनिक' असं चार पदरी असतं. चारही पदर जुळणारा माणूस मिळाला नाही तर जागा कोरी. चपलांच्या दुकानात शंभर जोड असतात, आपल्या मापाचा नसतो, आणि दुकानदार म्हणतो माल भरपूर आहे. तसंच.

शिक्षण हक्क कायद्याच्या २६ व्या कलमानुसार सरकारी, स्थानिक संस्थांच्या किंवा मुख्यतः सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत १० टक्क्यांहून जास्त पदं रिक्त ठेवता येत नाहीत. कलम आहे. ते मोडल्याबद्दल कुणाचा पगार थांबल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

खासगी शाळा आहेत की!

आहेत, आणि गुंता इथेच सगळ्यात मजेदार आहे. मजेदार म्हणजे ज्याचं पोट त्यावर नाही त्याच्यासाठी.

अनुदानित खासगी शाळेत व्यवस्थापन संस्थेचं, पगार सरकारचा. त्यामुळे पद मिळालं की सोनं, आणि म्हणूनच त्या पदाला 'डोनेशन' नावाचा भाव फुटला. गावाकडे लोक हे कुजबुजत नाहीत, शेतीचा भाव सांगावा तसे सांगतात. पवित्र पोर्टल आणलं गेलं ते या व्यवहाराला चाप बसावा म्हणून. पण संस्था न्यायालयात गेल्या, आणि त्यांच्यासाठी 'मुलाखतीसह' हा पर्याय आला: पोर्टल काही नावं पाठवणार, त्यातून संस्था निवडणार. वाढप्याची ओळख पुन्हा कामाला येते ती इथे. अल्पसंख्याक संस्थांना राज्यघटनेच्या ३० व्या कलमाचं संरक्षण असल्याने त्यांचा मामला आणखी वेगळा.

निवड झाली तरी शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता हवी, आणि पगार निघायला शालार्थ आयडी, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन पगार यंत्रणेतला शिक्षकाचा क्रमांक. ज्याचा आयडी नाही तो सरकारी हिशोबात शिकवतच नाही, मग त्याने चार वर्षं फळा खडूने पांढरा केलेला असो. हा आयडी किती मोलाचा, ते २०२५ मध्ये नागपूर विभागातल्या बोगस शालार्थ आयडीच्या प्रकरणाने सगळ्यांना दिसलं. त्याआधी २०१९-२० च्या टीईटीत पैसे देऊन गुण वाढवल्याचं उघड होऊन ७,८०० हून अधिक उमेदवार अपात्र ठरले होते. खरा अभ्यास करून पास झालेल्यांकडेही त्यानंतर दोन वर्षं लोक डोळे बारीक करून पाहत.

आता विनाअनुदानित. २००१ पासून शासनाने नव्या शाळांना परवानगी दिली ती 'कायम विनाअनुदानित' म्हणून. शब्द नीट वाचा. मास्तर आयुष्यभर ज्या 'कायम' शब्दामागे धावतो तो शब्द अनुदान न मिळण्याला चिकटवला होता. पंगत मांडा, पण डबा घरून आणा. २००९ मध्ये तो 'कायम' शब्द काढला, मग शाळांचं मूल्यांकन, मग आधी २० टक्के अनुदान, मग ४०, मग ६०, असे टप्पे. प्रत्येक टप्प्यासाठी आझाद मैदानावर पावसात बसलेले शिक्षक आपण बातम्यांत पाहिले आहेत. यातले कित्येक १५-१५ वर्षं बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर शिकवत आले.

माझी बहीण सध्या अशाच एका शाळेत शिकवते. महिन्याअखेरीला सही एका आकड्यावर करते, हातात दुसराच आकडा येतो. "तक्रार कर," मी एकदा म्हणालो. "आणि अनुभवाचा दाखला कोण देणार?" ती म्हणाली.

कंत्राटी घेतले तर काय बिघडलं?

सरकारची अडचण खोटी नाही. पंचविशीत लागलेला प्राथमिक शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. ३३ वर्षांचा पगार, भत्ते, वेतन आयोग. सातव्या वेतन आयोगात प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतन २९,२०० पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता. शाळा एक लाखाहून अधिक. नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनं निवृत्तिवेतन नाही, तरी बोजा मोठाच.

यावरचा पहिला तोडगा २००० सालचा: शिक्षण सेवक. पहिली तीन वर्षं मानधनावर, मग नियमित. मानधन वाढत वाढत २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,०००, उच्च माध्यमिकला २०,००० झालं. त्याआधी प्राथमिकला ६,००० होतं, तेही दहाएक वर्षं जसंच्या तसं. शाळा भामरागडला असो की पालघरला, खोलीभाडं यातच. तरीही शिक्षण सेवक होणं म्हणजे उमेदवारांच्या भाषेत 'लागणं', कारण पुढे कायम होण्याची हमी असते.

कंत्राटात ती नसते. ७ जुलै २०२३ ला निर्णय झाला की रिक्त जागांवर निवृत्त शिक्षक २०,००० रुपये मानधनावर, वयाच्या सत्तरीपर्यंत घ्यायचे. पात्र उमेदवारांचा संताप झाला तो यावर. पानं मांडली, आणि त्यांवर आधीच जेवून उठलेल्यांना पुन्हा बसवलं! सप्टेंबर २०२४ मध्ये कमी पटाच्या शाळांसाठी १५,००० मानधनावर डी.एड.-बी.एड. बेरोजगार घेण्याचा निर्णय आला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो मागेही घेतला गेला. पाच-सहा महिन्यांसाठी लोकांनी खोल्या घेतल्या, सामान हलवलं.

माझं मत विचाराल तर कंत्राटाचा खरा तोटा शिक्षकापेक्षा मुलांचा आहे. पहिलीत अक्षरं गिरवायला शिकवणारी बाई दुसरीत नसेल, तर कुणाला कुठे अडतं हे नव्या माणसाला कळायलाच दिवाळी येते. दोन शिक्षकी शाळेत एक गुरुजी मतदार यादीच्या कामाला गेले की उरलेला एक चार वर्ग राखतो. त्यात तोही तात्पुरता.

इतके जण डी.एड. झालेच कशाला?

थोडं कठोर वाटेल, पण हा प्रश्न उमेदवारांना नव्हे, परवानगी देणाऱ्यांना विचारायला हवा. २००० नंतरच्या दशकात तालुक्या-तालुक्यात डी.एड. कॉलेजं निघाली. बारावीला चांगले गुण मिळालेली हुशार मुलगी, विशेषतः खेड्यातली, इंजिनिअरिंगला न जाता डी.एड.ला गेली, कारण दोन वर्षांत नोकरी असा तेव्हा खात्रीचा हिशोब होता. दरवर्षी किती शिक्षक निवृत्त होणार, किती मुलं जन्मली, हे दोन्ही आकडे सरकारकडे होते. ते कॉलेजांच्या परवानगीच्या फाइलला कुणी जोडले नाहीत. पुढे भरती थांबली, कॉलेजं ओस पडली आणि एकामागून एक बंद झाली. कॉलेज बंद करता येतं. पदविका घेतलेल्या माणसाचं काय करणार?

मग नोकरीतल्या गुरुजींना परीक्षा कशाला?

१ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ज्यांची पाच वर्षांहून जास्त सेवा शिल्लक आहे त्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं, नाहीतर नोकरी सोडावी लागेल. पाचपेक्षा कमी उरली असेल तर राहता येईल, पण पदोन्नती नाही. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला आहे. फाटकावरचे गुरुजी आले होते ते यामुळे.

काही बेरोजगार उमेदवारांना यातून आशा वाटते: जुने नापास झाले की जागा होतील. मला ही आशा पोकळ वाटते. जागा रिकामी झाली तरी ती पुन्हा त्याच वाटेने येणार: पट, संच मान्यता, अतिरिक्तांचं समायोजन, बिंदूनामावली, वित्त विभाग, जाहिरात, पोर्टल. शिवाय कुणाच्या घरची चूल विझेल यावर आपली पेटण्याची वाट पाहायची, ही वेळ यावी हेच वाईट. बहिणीला मी हे म्हणालो तेव्हा ती गप्प बसली. तिला शिकवलेले गुरुजीही त्या दिवशी दुसऱ्या केंद्रावर पेपर देत होते.

बातमी कशी वाचावी

'५० हजार शिक्षकांची भरती' असा मथळा दिसला की मी आता एकच करतो: हा आकडा कोणत्या टप्प्यावरचा, ते शोधतो. रिक्त पदांचा, भरतीला मंजुरी मिळालेल्यांचा, जाहिरात निघालेल्यांचा, शिफारस झालेल्यांचा, की प्रत्यक्ष शाळेत हजर झालेल्यांचा? हे पाच वेगळे आकडे आहेत आणि प्रत्येक पुढचा मागच्यापेक्षा लहान असतो. मंत्री पहिला सांगतात. उमेदवार शेवटचा मोजतात.

आणि वय. खुल्या प्रवर्गाला मर्यादा ३८, मागासवर्गीयांना ४३. पहिल्या दोन टेटमध्ये पाच वर्षांहून जास्त अंतर होतं, पुढच्या दोनांत सव्वादोन वर्षांचं. बहीण खुल्या प्रवर्गात आहे, तिला ३६ वं चालू आहे. परीक्षेहून परतताना गाडीत तिने पेपरबद्दल काही सांगितलं नाही. पुढची टेट कधी निघेल असं वाटतं, एवढंच विचारलं.